उरलेलं पाणी

२८ एप्रिल

पोचलो एकदाचा! डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं हे रोडहाउस आहे. पेट्रोल, जेवण, झोपायच्या खोल्या, सगळं एकाच पत्र्याखाली. इथून पुढं ऑस्ट्रेलियाचं उजाड माळरान. नुसती लाल माती, सात दिवसांचा रस्ता, आणि त्यावर सायकल घेऊन मी एकटा. विमानतळावर तपासनिसानं आईच्या शेंगाचटणीचा डबा उघडून नाकाशी नेला आणि जो शिंकत सुटला तो थांबेचना. कडक भाकऱ्यांवर बोटानं टकटक करून त्यानं विचारलं की हे खायचं आहे का. म्हटलं, खायचं असतं बाबा, दात असले तर.

रात्री आईला फोन केला. सोलापुरात ती एकटी आहे. माझे चित्रकलेचे क्लास सुट्टीत बंद, म्हणून मला हे सुचलं. तिनं माझी खुशाली विचारलीच नाही. पहिला प्रश्न, "पाणी हाय का तितं?" आमच्या गल्लीत सगळ्या गप्पांची सुरुवात अशीच होते.

रोडहाउसच्या मालकीणबाई, मॅरियन, जेवताना सांगत होत्या की परवा वाटेत एक ओसाड घर लागेल, मेंढपाळांचं. तिथं टाकी आहे. पाणी चांगलं आहे, पोटभर प्या, पण सोबत थेंबही नेऊ नका. पिशवीत उरलं तर तिथंच ओतून द्या. का, विचारलं तर टेबल पुसत म्हणाल्या की त्या घरातल्यांनी ऐकलं नव्हतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, पाच-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावच्या माणसाला तुम्ही पाणी ओतून द्यायला सांगताय!

२९ एप्रिल

माश्या. शी! डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुड्यांत, ओठांवर. हाकलल्या तर चालत पुढं येतात, उडत नाहीत. दुपारी भाकरीबरोबर एक चावली गेली. तास-दीड तास थुंकत होतो, तरी जिभेवर काहीतरी वळवळतंय असं वाटत राहिलं. रस्त्याकडेला मेलेलं कांगारू, पोट फुगून टम्म. मी वळसा घालून गेलो, पण वास माझ्या सदऱ्यात बसून पुढं आला.

मी चिकित्सक माणूस. ताट दोनदा धुतल्याशिवाय जेवत नाही. आई म्हणते, "तुला बायको कोण देणार?" बरोबरच म्हणते.

३० एप्रिल

ते घर सापडलं. दार नव्हतंच. आत चार पलंग, चार गाद्या. एका गादीला हात लागला आणि शहारलो. ओली होती. चारही ओल्या. या रखरखाटात, जिथं माझी थुंकी जमिनीवर पडायच्या आत वाळते! उशांवर लांब लाल केसांचे पुंजके होते, चिकट. वास सडक्या फडक्यासारखा. बाहेर येऊन ओकलो.

टाकी मात्र काठोकाठ, पाणी स्वच्छ आणि गोड. पोटभर प्यालो. मग दहा लिटरची मोठी पिशवी भरली. निघताना बाईंचं बोलणं आठवलं. पिशवीचं तोंड उघडलंही. पण चांगलं पाणी मातीत ओतायला हातच वळेना. आईनं पाहिलं असतं तर तिनं मलाच ओतून दिलं असतं.

२ मे

दोन दिवस पितोय, स्वयंपाक करतोय, आज तर तोंडही धुतलं. पिशवी तेवढीच भरलेली. आधी वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मग चक्क हसलो. हे सोलापूरकराच्या हाती लागावं!

एवढंच की पिताना घशाशी केस येतो. लांब. ओढला की ओढतच राहावा लागतो. घाण वाटते. तरी पुन्हा तोंड लावतो, कारण तहान भलतीच लागते. माश्या आता माझ्याकडे फिरकत नाहीत. साऱ्या पिशवीवर.

५ मे

गावात पोचलो. चड्डी कमरेवर राहत नाही, दोरी बांधलीय. आरशात गाल आत गेलेले. सायकलनं माणूस वाळतोच. पिशवी सायकलीच्या खोक्यात घालून घरी नेणार आहे. किळस येते, खरं आहे. पण गाळून घेता येईल. आईला दाखवतो तरी.

११ मे, सोलापूर

घरी आलो. ऊन असं की गच्चीवर पाय ठेवता येत नाही. सहा दिवस नळ नाही. अंगणातल्या टाकीत तळाला गाळ तेवढा उरलाय.

मी पडलो आणि डोळा लागला. उठून बघतो तर आईनं खोकं उघडून पिशवी टाकीत रिकामी केलेली! मी ओरडलो तर म्हणाली, "पाणी हाय की त्यात. वाया कशाला घालवायचं?" जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं होतं तिनं. फडक्यात लाल केसांचा गोळा. तो चिमटीनं उचलून फेकत ती म्हणाली की तुझेच केस, न्हाव्याकडं जा.

माझे केस काळे आहेत.

१३ मे

टाकी काठोकाठ. नळ आलेला नाही. आईनं हात जोडले, सिद्धरामेश्वराची कृपा म्हणाली आणि गल्लीला बोलावलं. शेजारचा मल्लिनाथ आईला "शरणम्मा" अशी हाक मारत रोज घागरी नेतोय. सगळे म्हणतात, लई ग्वाड पाणी. आई इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. टाकीच्या झाकणावर माश्यांचा थर. मी विकतची बाटली आणून पितो. तहान जात नाही.

१५ मे

सकाळी आईची गादी ओली. ती म्हणाली, उकाड्यानं घाम आलाय. वाकून वास घेतला. तोच. त्या घराचा.

आता कळलं. पाणी वाढत नाही. ते पिणाऱ्यातून निघून परत तिथं जातं. वाटेत पिशवी मीच भरत होतो. टाकी आई भरतेय. आणि आता मल्लिनाथ, त्याची बायको, सगळी गल्ली—

टाकी उपसून गटारात सोडतो म्हणालो. आई झाकणावर जाऊन बसली. "पाणी सांडतंय व्हय कुणी? येड लागलं का तुला?" लोक तिच्या बाजूनं. मल्लिनाथनं माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली. पिशवी नुसती ओतली असती तिथं. नुसती उपडी करायची होती.

१६ मे

आई उठत नाही. पाणी मागते. दुसरं पाजलं तर थुंकते— तेच हवं. तिचा हात धरला. कातडी बोटांवर सरकते, ओल्या कागदासारखी— हात सोडून मागं झालो. आईचा हात. मला किळस आली. आईची.

माझीही गादी आज ओली.

१७ मे

दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली. आत गेलो—

गादीवर आई नाही. ओल फक्त. उशीवर पांढरे केस, लांब, चिकट. बांगड्या. गळ्यातलं इष्टलिंग दोऱ्यासकट तिथंच— ते ती कधी काढत नाही— अंघोळीलाही नाही—

टाकी ओसंडून वाहतेय. अंगणभर.

लोक आलेत. घागरी वाजतायत. ओरडायला तोंड उघडलं तर शब्द नाही, नुसतं पाणी— गोड— कागद भिजतोय—

खिडकीतून मल्लिनाथ दिसतोय. ओंजळीनं पितोय. मला हाक मारून सांगतोय की आजच्यासारखं ग्वाड कधीच नव्हतं, शरणम्माला सांग, तिलाबी चाखू दे—