त्या पोलिसाचं नाव

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज वर्गात आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा शिकवला. बंडखोरांनी इंग्रजांच्या एका पोलिसाला गोळ्या घातल्या, तोही आयरिशच. सूड म्हणून पोलिसांनी गाव पेटवलं. बंडखोरांची नावं मी धडाधड सांगितली. तेवढ्यात मुरगूडची एक पोरगी उठली. "मॅडम, त्या पोलिसाचं नाव काय हुतं? माझे पप्पा बी पोलीस हायत."

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं शिकवतेय, ते नाव कधी शोधावंसं का वाटलं नाही?

घरी आल्यापासून आजोबांच्या फोटोकडे बघतेय. आईचे वडील. इंग्रजांच्या पोलिसात होते, बेचाळीसच्या चळवळीत मारले गेले. फोटोत नुसता चेहरा आहे. लहानपणी शाळेत पोरी 'इंग्रजांच्या पोलिसाची नात' म्हणून चिडवायच्या, म्हणून खालचा गणवेश मीच कात्रीनं कापला होता. आई ओरडली नाही. उरलेला चेहरा तिनं फ्रेममध्ये बसवला.