जात एक, देवक वेगळं

मुक्काम: इस्पितळ, पुरुषांची खोली,
खिडकीकडून दुसरी खाट, अलिबागेजवळ.
फाल्गुन शुद्ध पंचमी.

ती. सौ. सत्यवतीआक्काच्या पायी धाकट्या दत्तूचा आडवा नमस्कार. (उभ्यानं वाकून करणार होतो, पण डॉक्टर उठू देत नाहीत. साष्टांग नमस्कार मुळात आडवाच असतो, म्हणजे आयुष्यात प्रथमच तुला शास्त्राप्रमाणे नमस्कार पोचतोय.) भावजींची खोकल्याची ढास कमी झाली असेल. नसेल तर त्यांना माझ्याकडे बघायला सांग, स्वतःचं दुखणं किरकोळ वाटेल. तुझं पत्र काल मिळालं. आमच्या रतनच्या साखरपुड्याहून परतल्यावर तुझंही पोट बिघडलं होतं आणि ओव्याच्या पाण्यानं उतार पडला, हे वाचलं. त्याचा विचार पत्राच्या शेपटाला करू.

आधी एका घोर अन्यायाची हकीकत ऐक. या इस्पितळातली माझी खाट माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. बावीस वर्षं शाळेत छड्या मारून कमावलेली माझी इभ्रत या वीतभरात संपली. दोन्ही पावलं खाटेबाहेर लोंबतात. सकाळी खिडकीतून कावळा येतो, आधी एका अंगठ्याकडे बघतो, मग दुसऱ्याकडे, आणि घाई नसल्यासारखा निघून जातो. शेजारच्या लांबलचक खाटेवर मात्र आमचे होणारे व्याही बाळाजी निजलेत. ते उंचीनं माझ्या खांद्याइतके, त्यामुळे त्यांच्या पायाशी एक आख्खा मनुष्य झोपेल एवढी जागा मोकळी. मी तक्रार केली. उत्तर मिळालं की खाटा रोगाप्रमाणे मिळतात, उंचीप्रमाणे नाहीत.

आता दोन व्याही शेजारीशेजारी कसे, तर ऐक. तू साखरपुडा आटोपून रेवसला बोट धरलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीतल्या माडांमधून ज्या वेगानं पळालो तो वेग मी लहानपणीही गाठला नव्हता. परतताना समोरून त्याच वेगानं बाळाजी येत होते. आम्ही एकमेकांना रामराम घातला, पण थांबलो नाही. संध्याकाळपर्यंत रक्ती आव ठरली आणि दोघांना एकाच बैलगाडीत घालून इथं आणलं. (वाटेत गाडी किती वेळा थांबवावी लागली ते विचारू नकोस. बैलांनाही शेवटी सवय झाली होती, आपणहून थांबत.)

पण आक्का, खरं दुखणं पोटात नव्हतं, ते खाटेच्या उशाशी येऊन बसलं होतं. विहीणबाई, येसूबाई! आल्या त्याच पदर खोचून. "पोरीच्या घरचा पयला घास, आनि मानूस आडवा? ह्यो देवाचा कौल हाय. म्हायेरचं पानीच वंगाळ, तर पोर कशी निघंल? न्हाय व्हनार लगीन." आमची केसर काय ऐकून घेते! "आमचं पाणी वंगाळ, तर आमचे हे का आडवे? ते तर जन्मभर तेच पितायत." "म्हनून तर तसं दिसत्यात!" या वाक्यावर बाळाजी पोट धरून हसले, आणि त्यांना ताबडतोब उठावं लागलं.

मला मात्र हसू आलं नाही. दारात रतन उभी होती. घरून पेज करून, फडक्यानं गाळून, भांडं पदराखाली धरून तीन मैल चालत आलेली. तिनं वाटी पुढं केली तर येसूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पोरीनं वाटी तशीच खाली ठेवली, हिरव्या बांगड्या मागं सारल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिनं मुलगा मनानं पसंत केलाय हे तुला ठाऊक आहे. ते तिनं फक्त तुलाच सांगितलं होतं, म्हणून आम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. वारा सुटला होता आणि माझी पावलं गार पडली होती. बाळाजींनी भिंतीकडे तोंड केलं आणि आपली शाल मागच्या मागं माझ्या पायांवर भिरकावली.

इथले डॉक्टर मुंबईहून नवे आलेत. कोवळे आहेत, लग्न व्हायचंय, म्हणून अजून खरं बोलतात. त्यांनी आम्हा दोघांकडून एकेक बाटली मागून घेतली (कसली ते सुज्ञांस सांगणे न लगे) आणि त्यातले जंतू चायनाग्रासच्या वड्यांवर वाढवले. या जंतूंसाठी एक पत्र्याचं कपाट आहे, त्यात खाली कंदील लावून ऊब देतात. माझे पाय उघड्यावर आणि माझे जंतू कंदिलाशी! शिवाय त्यांना साखरपाणी. निळसर रंग घातलेलं, एका खास साखरेचं पाणी नळ्यांत भरून त्यात जंतू सोडायचे. जंतूनं ती साखर खाल्ली तर पाणी तांबडं होतं, नाही खाल्ली तर निळंच राहतं. माझी नळी तांबडीलाल झाली. व्याह्यांची निळीच्या निळी. (सुपारीच्या वाडीवाल्याचा जंतू, फुकटची साखर सोडतो म्हणजे खानदानीच.)

डॉक्टर दोन्ही नळ्या घेऊन आले आणि म्हणाले, या दोघांचा आजार एका ताटातला नाही. बाळाजींनी आपला जंतू दुसरीकडून आणलाय. "वाटेत कुठं काही घेतलं होतंत?" बाळाजी आढ्याकडे बघू लागले. बायका बोटीनं पुढं आल्या होत्या, हे मागून गाडीनं, आणि काशीदला चाक मोडल्यामुळे उशीर झाला असं घरी सांगितलेलं. आता चाक मोडलं नव्हतं, माडाखाली माडीचं मडकं उतरलं होतं, आणि ती पातळ करायला जवळच्या डबक्यातलं पाणी होतं, एवढं बाहेर पडलं. "चाक व्हय?" येसूबाई म्हणाल्या. एवढंच. पण मी त्या दोन शब्दांत व्याह्यांचं पुढचं सगळं म्हातारपण पाहिलं.

तरी बाईंची शंका फिटेना. "भिंगातनं तर दोनी सारखंच दिसत्यात म्हनलास ना रं? मंग वायलं कसं?" डॉक्टरांनी घाम पुसला. दिसायला सारखे, पण स्वभाव निराळा, एकाच जातीत पोटभेद असतात, असं बरंच काही सांगून पाहिलं. शेवटी थकून म्हणाले, "मावशी, असं समजा, जात एक, देवक वेगळं."

येसूबाईंनी आधी तांबडी नळी पाहिली, मग निळी. "यांच्या पोटातला आनि मास्तरांच्या पोटातला, जात येक?"

"हो."

"देवक वायलं?"

"तसंच म्हणायचं."

"मंग सोयरीक जुळते की रं मुडद्या! आधी का न्हाय बोललास? येक देवक निघालं असतं तर भाऊभाऊ झालं असतं, लगीन मोडावंच लागलं असतं!"

डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच. आम्हा सोयऱ्यांत देवक एक निघालं तर मोठमोठी लग्नं मांडवात मोडतात, हे त्यांना मुंबईत कुणी शिकवलं नव्हतं. ते "पण शास्त्रीयदृष्ट्या" असं काही म्हणू लागले, तेव्हा केसरनं त्यांच्या हातात पेढा ठेवला. येसूबाई दाराशी गेल्या. "रतन, आन गं ती पेज हिकडं. ह्यांना तूच पाज. माजं ऐकत न्हाईत, चाकं मोडत्यात." पोरगी हसली, आक्का. डोळे पुसत हसली. मुहूर्त ठरलाय, पौर्णिमेनंतरचाच. पाणी उकळूनच वापरायचं ही डॉक्टरांची आज्ञा, आणि चुलीवर पहारा स्वतः विहीणबाईंचा. तेव्हा भावजींना घेऊन वेळेवर ये.

तुझा,
दत्तू

ता. क. सोबत पुडक्यात एक बुचाची बाटली आहे. ती लोणच्यासाठी नव्हे. तुझं पत्र मी उत्साहानं डॉक्टरांना वाचून दाखवलं, ही चूक झाली. तुझ्या पोटाचं ऐकून ते इतके आनंदले की मला काळजी वाटली. तुझा जंतू माझ्या देवकाचा निघाला तर साखरपुड्याला तू केलेला तो नावाजलेला मठ्ठा दोषी. (व्याह्यांनी तो घेतला नव्हता, पोटात माडीनं जागाच ठेवली नव्हती.) पण तो व्याह्यांच्या देवकाचा निघाला तर काशीदची माडी निर्दोष सुटली (ती तू थोडीच प्यायलीस) आणि माझं घर पुन्हा अडकलं. सत्य कळलंच पाहिजे, मी मास्तर आहे. म्हणून बाटली जरूर भर, फक्त अक्षता पडल्यावर भर. आणि मठ्ठा मुळीच आणू नकोस. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा: पेज पिऊन बाळाजींना दुपारची झोप लागलीय. समुद्राकडून वारा सुटलाय आणि एवढ्या लांब खाटेवर ते मुटकुळं करून पडलेत. त्यांची शाल अजून माझ्याच पायांवर आहे. उठायला मनाई आहे खरी, पण डॉक्टर जेवायला गेलेत. शाल त्यांच्या अंगावर घालून येतो, आणि पाकीट बंद करतो.