अण्णांच्या हातची शाल

मस्कत, ३ ऑगस्ट

अण्णा,

पाया पडतो, पण आधी सांगा, त्या हिरोचा फोटो अजून देवाशेजारीच आहे ना? मागच्या वेळी काढा म्हटलं तर 'आवाज तुटतोय' म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे कागदावर. सर्वेश सुट्टीवर वाकोल्याला येतोय, त्याच्या हाती देतोय. कागद काय तुटत नाही.

मी बरा आहे. हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धुतो, उकाडा आहे, जेवण ठीक. आईच्या गुडघ्याला तेल पाठवलंय.

सर्वेशने मोबाईलवर बॅनर दाखवला. मधोमध तो मालिकेतला हिरो हात जोडून, कोपऱ्यात तुम्ही तिकिटाएवढे. दहीहंडीला त्याचा सत्कार, 'गोविंदा पथकाचे कोच गुणाजी यांच्या हस्ते'. जयवंतदादाचं नाव कुठेच नाही. मी दोनदा बघितलं.

सत्कार कशाचा ते तरी कळू दे. हॉस्पिटलात पाच मिनिटं आला म्हणून? दादाच्या डोक्यावर हात ठेवला, कॅमेरावाला म्हणाला परत एकदा, तर परत ठेवला. तोच फोटो तुम्ही फ्रेम करून देवाशेजारी लावलात. नर्स सलाईन सोडून सेल्फीला आल्या. आईने त्याच्यावरून बोटं मोडली, नजर लागू नये म्हणून. स्वतःचा पोरगा बाजूला पडलेला.

खर्चाचं बघतो म्हणाला होता. दोन वर्षं झाली, बघतोच आहे.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. त्या दिवशी घाटकोपरला आपले सात थर लागले होते. हंडी हाताला लागत होती. स्टेजवरून माईकवर सांगितलं, थांबा, हिरोसाहेबांची गाडी वळली, ते आल्यावर फोडा. मी सगळ्यात खाली, मान छातीला लावून. वरून दादा ओरडला, "अण्णा, शिट्टी मारा, पाय राहत नाहीत."

थर उतरवायची शिट्टी तुमच्या तोंडात होती. तुम्ही गाडीकडे बघत होतात.

मुद्दाम केलं असं म्हणत नाही. सगळेच बघत होते. पण सगळ्यांच्या तोंडात शिट्टी नव्हती. आणि आता त्यालाच तुम्ही शाल घालणार, आणि दादा ते घरी पलंगावरून टीव्हीवर बघणार.

अनुपमावहिनी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवते. रात्रीसुद्धा. पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिने. तिला कोणी शाल-नारळ दिला? तुम्ही कधी 'जरा बस गं' म्हणालात?

तुम्ही स्टेजवर जाऊ नका. घरी थांबा. आधी ती फ्रेम उतरवा, मग तुमच्या हाताने वहिनीला शाल घाला, दादाच्या समोर. तेवढं नसेल जमत तर मला फोन करू नका, माझाही आवाज तुटेल.

दादाच्या औषधांचे बँकेत टाकलेत, दर महिन्यासारखे. शालीचे वेगळे. ते पाकीट सर्वेश तुमच्याच हातात देईल, आईला देऊ नका, घरखर्चात जातील.

तुमचा धाकटा,
सुशांत

पाकिटात शालीचे आणि नारळाचे मिळून सहाशे चाळीस रुपये आहेत.