पिवळं बटण

बोईसर
रविवार

प्रिय दीपा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू आहे, गॅस बंद करायला विसरत नाही. रोज सकाळी आपण फोनवर बोलतोच, पण गोळी घेतली का, पाणी आलं का, स्वरा दूध प्यायली का, एवढं होईपर्यंत तुझ्याकडे कुकरची शिट्टी होते आणि बोलणं संपतं. मला तुला सलग काहीतरी सांगायचं आहे. मध्ये शिट्टी नको म्हणून लिहायला बसलो.

बाबा त्या भंगार कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेत असं तू आपल्या विपुलला सांगितलंस म्हणे. खरं आहे. आपल्या प्रोसेस हाउसमधली कापड रंगवायची मशीनं अजून तुझ्याच प्रोग्रामवर चालतात. विपुल व्हायच्या आधी तू लिहिलेला, त्याच जुन्या युनिक्स सिस्टीमवर. पाणी किती तापवायचं, रंग कधी सोडायचा, गरम पाणी कधी काढून टाकायचं, सगळं तोच बघतो. तुझ्यानंतर कितीजण आले आणि गेले, त्याला कुणी हात लावला नाही. यंदा मात्र तो मध्येच थांबायला लागला. मशीनमध्ये माल, पाणी उकळत्याच्या जवळ, आणि पडदा ढिम्म. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत कापडावर डाग. सगळे म्हणाले कॉम्प्युटर म्हातारा झाला. आपला ऑपरेटर अंकुश तेवढा म्हणाला, "सायेब, ह्यो रोज नाय झोपत. काला माल लावला का झोपतो." आणि खरंच, फिका रंग असला की सुरळीत चालायचं. काळा, निळा, मरून लागला की थांबलंच.

आता डीबगर म्हणजे काय ते मी तुला सांगावं, हा आगाऊपणा आहे. पण तू त्यातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो. चालता प्रोग्राम रोखून धरायचा, आणि आपण लिहिलेल्या नेमक्या कुठल्या ओळीवर तो उभा आहे, त्या क्षणी त्याच्या हातात काय आहे, हे त्यालाच विचारायचं. आजचे डीबगर आपल्या त्या जुन्या सिस्टीमवर चालतच नाहीत. म्हणून फुकट मिळणारा एक उतरवून घेतला आणि तिला पचेल असा करत बसलो. दुसऱ्या प्रोग्रामला थांबवायची तिची रीत वेगळी, सिग्नलची नावं वेगळी, निम्मी फंक्शनं तिला ठाऊकच नाहीत. जे नव्हतं ते लिहून दिलं. एवढं करून पहिल्यांदा चालवला, तर प्रोग्राम राहिला बाजूला, डीबगरच कोसळला. आणि कोसळलेल्या डीबगरला तपासायला माझ्याकडे दुसरा डीबगर नव्हता. मग जागोजागी 'इथवर आलो' असं छापायला लावलं आणि कुठे छापायचं थांबतं ते बघत बसलो. या सिस्टीमबद्दल लोकांनी विचारलेले जुने प्रश्न इंटरनेटवर सापडतात. खाली उत्तर कुणाचंच नसतं. ते प्रश्न वाचताना मला उगाच त्या माणसांची काळजी वाटायची, की पुढे यांचं काय झालं असेल.

तुला विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. विचारलं होतं मी. आठवतंय का बघ. मी म्हटलं, काळ्या मालावर प्रोग्राम थांबतोय, तुला काही सुचतंय का. तू स्वराची वेणी घालत होतीस. म्हणालीस, अरे मला आता त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही, काढून टाका ना ते सगळं, नवीन घ्या. मी बरं म्हणून फोन ठेवला. मला फार लागलं ते. तू चुकीचं काही बोलली नव्हतीस, तरी लागलं. त्या प्रोग्रामसाठी आपण दोघं त्या केबिनमध्ये एकाच डब्यातून जेवायचो. तू कोड लिहायचीस, मी पॅनेलच्या वायरी ओढायचो, आणि कुठली वायर कुठे ते तू मागून सांगायचीस. आपलं लग्न त्या केबिनमध्येच ठरलं म्हणायला हरकत नाही. ते सगळं काढून टाका म्हणालीस.

मजा बघ, गाव तुझं आणि राहतोय मी, जळगावचा. चिंचणीहून तुझा भाऊ अजून सुके बोंबील पाठवतो. ते कसे करायचे ते मला येत नाही, मग रंभाबाई करून ठेवते आणि जाताना न चुकता विचारते, "भाऊ, वयनी कदी येनार?" आधी मी दिवाळी म्हणायचो. मग मे महिना म्हणायला लागलो. आता म्हणतो, स्वराची शाळा आहे ना. सहा महिन्यांसाठी विपुलकडे गेली होतीस, सुनेच्या बाळंतपणाला. त्या बाळंतपणातली स्वरा आता मला फोनवर पाढे म्हणून दाखवते. संध्याकाळी मी चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत स्कूटरने जातो, सुरूच्या झाडांखाली बसतो, आणि येताना दोन माणसांची भाजी घेऊन येतो. एकाची घ्यायला अजून जमत नाही. आणि आता विपुल म्हणतोय, बोईसरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय, हो म्हणू का. मी त्याला सांगितलं, हातातलं काम संपू दे, मग कळवतो.

काम गुरुवारी संपलं. अंकुशने काळा माल लावला, पाणी तापलं, पडदा ढिम्म झाला, आणि मी डीबगर जोडला. पहिल्यांदाच तो कोसळला नाही. पडद्यावर तुझा कोड आला, आणि एका ओळीसमोर बाण. ती ओळ बिघडलेली नव्हती, दीपा. ती वाट बघत होती. 'दुसरा' असं इंग्रजी अक्षरांत नाव दिलेला आकडा एक होईपर्यंत थांबायचं, असं तू लिहिलं होतंस. मी डीबगरला विचारलं, दुसरा किती? तो म्हणाला, शून्य.

मग सगळं आठवलं. तू कामाला लागलीस त्याच वर्षी गरम पाणी सोडताना एकाची पोटरी भाजली होती, आणि तुला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पाणी कढत असेल तर ते एकट्या माणसाने सोडायचं नाही, केबिनमध्ये एकाने आणि मशीनशी दुसऱ्याने बटण दाबल्याशिवाय झडप उघडणारच नाही, असा नियम तू प्रोग्राममध्येच घातलास. मशीनकडचं ते पिवळं बटण मीच जोडलं होतं, आणि कशासाठी ते साफ विसरलो. काळ्या मालाला पाणी कढत लागतं, फिक्याला नाही, म्हणून ती काळ्याची झोप. अंकुशला विचारलं, हे पिवळं बटण कोण दाबतं? म्हणाला, "ठमी दाबायची. कशाला ते आमाला नाय म्हाईत, आदीपासून दाबतात म्हनून. आता ठमीला बंद केली ना, मी एकलाच हाय." यंदा माणसं कमी केली, तेव्हा हेल्पर होती म्हणून ठमी गेली, आणि तिच्याबरोबर ते बटण दाबणंही गेलं.

पण मला खरा धक्का बसला तो त्याच्या खालच्या ओळीने. थांबल्यावर पडद्यावर सूचना यावी आणि घंटी वाजावी, अशी ओळ तू लिहिली होतीस. तेव्हाच्या सुपरवायझरला ती टूं टूं नको होती, म्हणून तूच ती बंद करून ठेवलीस. त्यामुळे तो इतके दिवस गप्प उभा राहायचा, आणि आम्ही त्याला मेलेला समजून वायर उपटायचो.

मॅनेजर म्हणाले, ती वाट बघायची ओळच उडवा, एका माणसात काम होऊ दे. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं असेन. कढत पाण्याशी अंकुशला एकटा ठेवायचा असेल तर तसं सही करून द्या, म्हटलं. सही कुणी केली नाही. काळ्या मालाच्या पाळीला ठमी परत येते. मी फक्त तू बंद केलेली ओळ चालू केली. आता तो थांबला की घंटी वाजते, पडद्यावर येतं, 'दुसऱ्या माणसाची वाट बघतो आहे', आणि ठमी हात पुसत येते.

शुक्रवारी दिवसभर ती सूचना मी बघत होतो. घरी आलो, तुझा फोन आला, तू विचारलंस, सगळं ठीक ना, आणि मी म्हटलं, ठीक, तू आरामात राहा, माझी काळजी करू नकोस. इतकी वर्षं हेच म्हणत आलो. तुला तरी कसं कळणार, पडद्यावर काही नव्हतंच. म्हणून हे पत्र. मी ठीक नाही, दीपा. मला एकट्याला जेवण जात नाही. विपुलला मी अजून काही कळवलेलं नाही. फ्लॅट ठेवू आणि तू इकडे ये, नाहीतर विकू आणि मी तिकडे येतो, खोली लहान असली तरी चालेल. कुठलंही बटण दाब. फक्त सगळं काढून टाका, असं पुन्हा म्हणू नकोस.

तुझाच,
ज्ञानेश