अकरा सेकंदांचा हंगाम

१३ सप्टेंबर, वेल्स
कॅम्पिंगच्या जागी तंबू गुंडाळायचं काम होतं, ते संपलं. पाऊस आला म्हणून एका स्पोर्ट्स हॉलमध्ये शिरलो. तिथे बास्केटबॉलच्या विंटर कपची पहिली फेरी. यजमानांची तीन माणसं रस्त्यात कुठेतरी अडकलेली. माझी साडेसहा फूट उंची बघून एकाने विचारलं, दादा, बूट आहेत का? कसल्याशा कागदावर सही केली. दहा मिनिटं खेळलो. पाच फाउल, बाहेर. फिश अँड चिप्स फुकट. संघ हरला, पण माझ्यामुळे नाही.
संकल्प: या हंगामात व्यावसायिक बास्केटबॉलपटू व्हायचं. तळलेलं बंद (उद्यापासून).

२१ सप्टेंबर, ग्रिम्सबी
पहिल्याच क्लबने घेतलं! ग्रिम्सबी ट्रॉलर्स. कोच स्टँडिशने चेंडू दिला, मी दोनदा आपटला, त्याने चेंडू परत घेतला. मग विचारलं, पासपोर्ट ब्रिटिश का? मी म्हणालो, कॉर्नवॉलचा आहे, बहुतेक ब्रिटिशच. म्हणाला, सगळेच अमेरिकन घेता येत नाहीत, यादीत ठरावीक ब्रिटिश माणसं लागतातच. पासपोर्ट जप, पेरन, तोच तुझा हुकमी फटका. विनोदी माणूस.
कागदपत्रं डोरीन बघते. खेळाडूंचे कपडेही तीच धुते, बावीस वर्षं. तिने फॉर्म दिला. ‘या हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळलात का?’ ‘हो’ लिहिलं तर मागचं पान भरायचं होतं. तेवढ्यात तिने सॉसेज रोल गरम करून आणले. ‘नाही’ लिहिलं. दहा मिनिटांना कोण खेळणं म्हणतं? खाली तिने ‘तपासलं’ म्हणून सही ठोकली.

५ ऑक्टोबर
लीगचा पहिला सामना. उतरवलं नाही. कोच मला लपवून ठेवतोय. डावपेच.

१९ ऑक्टोबर
प्रॅक्टिसला निघालो होतो. बंदरावर एक म्हातारा होडी रंगवत होता. निळा रंग. त्याला हातभार लावला. प्रॅक्टिस बुडाली. कोच म्हणाला, तू नव्हतास हे कळलंच नाही. मन मोठं आहे.

९ नोव्हेंबर
सामना बरोबरीत अडकला, म्हणून जादा वेळ. चार वाजताच्या बॅडमिंटनवाल्या बायका नेट खांद्यावर घेऊन दारात. एक ओरडली, आटपा की रे, आमचं बुकिंग आहे! उतरवलं नाही.
डोरीन म्हणाली, तुझी जर्सी मी धुतच नाही रे राजा, नुसती घडी घालते. अजून दुकानाचा वास येतो तिला. निगा राखण्याबद्दल कौतुक असावं.

३० नोव्हेंबर
विंटर कपची उपांत्यपूर्व फेरी जिंकलो. मी बेंचवरून नजरेचा दबाव ठेवला होता. अजून एक सामना जिंकला की बर्मिंगहॅमला फायनल. डोरीनच्या बावीस वर्षांत क्लब फायनलला गेलेला नाही. तिने फायनलला घालायला हॅट आणून ठेवली आहे, डबा बंद. म्हणते, उघडला तर दृष्ट लागायची.

१४ डिसेंबर
आमचा कॅप्टन लामॉन्ट म्हणाला, लंबू, काय सुंदर टॉवेल देतोस रे! आमच्याकडे अमेरिकेत याला स्कॉलरशिप मिळते. जळतो थोडा.
संकल्प: रोज दोनशे फ्री थ्रो. आज नऊ मारले. मग होडीवाल्याकडे रंगाचा दुसरा हात द्यायचा होता.

११ जानेवारी
आज!!
सेमीफायनल, प्रेस्टनविरुद्ध, आपल्याच हॉलमध्ये. चोवीस गुणांनी पुढे, अकरा सेकंद उरलेले. बॅडमिंटनवाल्या ओरडायला लागल्या, लंबूला घ्या, लंबूला घ्या! कोच मान हलवत होता. डोरीन टॉवेलांच्या टोपलीमागून म्हणाली, अहो स्टँडिश, घ्या की पोराला, काय जातंय आपलं?
उतरलो. चेंडू हातात आला. मारला. भिंतीवरच्या घड्याळाला लागला. जिंकलो!
डोरीन रडली आणि तिथेच डबा उघडला. हॅट निळी आहे. होडीसारखीच.

१२ जानेवारी
सही कशी करायची याचा सराव. ‘प’ मोठा हवा.

१५ जानेवारी
कोचने बोलावलं. समोर एक कागद: सप्टेंबरचं वेल्समधलं गुणपत्रक. माझं नाव, पुढे पाच फाउल. प्रेस्टनच्या चिटणीसाने शोधून काढलं. नियम असा की, एकाच कपमध्ये एका क्लबकडून खेळलेला माणूस त्या वर्षी दुसऱ्याकडून खेळला, तर तो सामना गेला. फायनलला प्रेस्टन.
मी म्हणालो, पण मी एकही बास्केट केली नाही.
कोचने कागद पुन्हा वाचला. मग विचारलं, तिथे किती वेळ खेळलास? दहा मिनिटं. म्हणाला, अरे देवा, माझ्यापेक्षा त्यांनी तुला जास्त खेळवलं.
तरी विचार करता: एका माणसाने, अकरा सेकंदांत, चोवीस गुणांचा निकाल फिरवला. हे लामॉन्टला जमलेलं नाही.

१६ जानेवारी
प्रॅक्टिस. लामॉन्टने टॉवेल स्वतः उचलला.

१८ जानेवारी
डेन्मार्कमध्ये हँडबॉलला उंच माणसं लागतात असं ऐकलंय. बस दोनची.
जर्सी परत द्यायला धुलाईच्या खोलीत गेलो, तर जर्सी डोरीनकडेच होती. धुतलेली, इस्त्री केलेली. डोरीन म्हणाली, या खेपेला घाम होता तिला. रागावली नाही. हॅटचा डबा दोरीने बांधून दाराशी, दुकानात परत द्यायला. खुलासा मागणारं लीगचं पत्र तिच्या नावावर आलंय, कारण ‘तपासलं’ म्हणून सही तिची. मी म्हणालो, मी कळवतो त्यांना, चूक माझी म्हणून. म्हणाली, तू लिहायला बसशील, तेवढ्यात कुणीतरी होडी रंगवत असेल, राजा.
क्लब सोडण्याचाही फॉर्म असतो. माझा भरून होईपर्यंत ती समोर खुर्ची ओढून बसली.
मागचं पानही भरलं. सॉसेज रोल नव्हते.