मुठीले लागलेलं तेल

शनिवार, दिवेलागण

आमचे हे कलकत्त्याले चालले, हॉकी खेळाले! परदेशातले क्लब येतात तिथं. पण ते तेल... माझीच चूक.

सकाळी यांनी सांगितलं, "स्टिकच्या खालच्या भागाले जवसाचं तेल लाव." मी चकाकावी म्हणून मुठीलेही चोपडलं. दुपारी रेल्वेच्या मैदानात आफ्रिकेहून आलेल्या क्लबासंगं सामना. हे गोलकीपर, वय चाळीस. आज चांगले खेळले तरच कलकत्ता, नाही तर घरी.

पहिल्याच फटक्याले स्टिक हातातून सटकली न् गोल झाला. आपला कप्तान ओरडला, "बुड्ढे, घर जा!" मग माझ्यानं राहवलं नाही. साऱ्या लोकांत ओरडली, "अजी, मुठीले माती चोळा! विळ्याच्या दांड्याले चोळता तशी!" लोक हसले. हसोत मेले. यांनी माती चोळली न् मग एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. आपल्यांनी दोन गोल मारले. तोच कप्तान म्हणे, "काका, कलकत्ता चलो!"

घरी येऊन हे म्हणतात, "आज हाताले लय घाम आला होता वो."

मी म्हटलं, "असंन."

काऊन सांगू? कलकत्त्याहून जिंकून येऊ दे, मग सांगीन. जायच्या दिवशी तेल मीच लावीन, पण मूठ आधी फडक्यात बांधून.