नऊशे वीस वेढे

गंगाखेड,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय नागेशदादा,

सप्रेम जयभीम. चाकणला तू, बबितावहिनी आणि पोरं खुशाल असाल. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांना माझ्याकडे आणून आता चार महिने झाले, पण गावाकडच्या घराचं कुलूप ते मनानं रोज उघडून येतात. गुडघ्याची तक्रार आहेच.

पत्र बघून दचकू नकोस, वाईट काही नाही. फोनवर तू "सगळं बरं हाय नं?" विचारतोस, मी "हाय" म्हणते आणि तिथंच संपतं. या वेळी तेवढ्यात भागणार नाही.

मी ॲम्प्लिफायर बांधतेय. हस खुशाल. विहारातल्या बायकांचं गाण्याचं मंडळ आहे, त्यांना जयंतीसाठी हवाय. बाई शाळेत विज्ञान शिकवते म्हटल्यावर हे माझ्या गळ्यात पडलं. बोर्ड झाला, स्पीकर आले, डबा रंगवून वाळला. घोडं अडलंय पॉवर सप्लायपाशी. मी सामान आणते त्या दुकानाचे नागनाथअण्णा म्हणतात, तयार एसएमपीएस सप्लाय घ्या. वजनाला हलका, व्होल्टेज शंभर असो की अडीचशे, त्याचं तो सांभाळतो. ट्रान्सफॉर्मरचा धोंडा आता कोण उचलतंय?

अण्णांचं खोटं नाही. एक स्वस्तातला लावून पाहिला तर स्पीकरमधून बारीक शिट्टी यायला लागली. चांगला घेतला तर तीही जाईल म्हणतात. त्यांनी एक बाजूला काढून ठेवलाय. तीन आठवडे झाले, मी दुकानात जाते आणि सोल्डरची तार घेऊन परत येते.

तू असतास तर एका वाक्यात निकाल लावला असतास. मला आपली ओसरी आठवते. ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायला तू बॉबिनचं हँडल फिरवायचास आणि मी समोर बसून वेढे मोजायचे. शंभर झाले की जोंधळ्याचा एक दाणा बाजूला. एकदा कोंबडीनं दाणे खाल्ले, तर अंदाजानं पुढं जायचं सोडून तू अख्खी तार सोडवलीस आणि पहिल्यापासून गुंडाळलीस. मी रडकुंडीला आले होते. आता वाटतं, तशी एक संध्याकाळ पुन्हा मिळावी, हवं तर कोंबडीसकट.

हे सगळं लिहितेय, पण मुद्दा वेगळाच आहे. दोनदा त्याच्यापाशी आले आणि मागं फिरले.

दादा, २००६ च्या जयंतीला ॲम्प्लिफायरमधला तुझा ट्रान्सफॉर्मर जळला, तो माझ्यामुळं.

संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू असल्या की गावात व्होल्टेज पडायचं, म्हणून तू त्याला खटका ठेवला होतास. एका बाजूला पडत्या व्होल्टेजसाठी एकशे सत्तर, दुसऱ्या बाजूला पुऱ्यासाठी दोनशे तीस. त्या दिवशी तू तो दोनशे तीसवर ठेवलास आणि मला बजावलंस, "खटक्याला हात लावायचा न्हाई. मोटारी कवा बी बंद व्हत्यात." मग तू लिंबावरचा भोंगा सरळ करायला गेलास. माझी गाण्याची पाळी आली. पंधरा वर्षांची मी, महिनाभर तालीम केलेली, आणि आवाज मागच्या बायकांपर्यंतही पोचेना. मी खटका एकशे सत्तरवर केला. आवाज असा भरला की वेशीपर्यंत गेला असेल. मी गात राहिले आणि खटका विसरले.

मोटारी बंद झाल्या आणि खटका एकशे सत्तरवरच. व्होल्टेज एकदम चढलं, जळका वास आला, धूर निघाला. सगळे उठले त्या गोंधळात मी खटका परत दोनशे तीसवर केला.

तू पळत आलास आणि सगळ्यात आधी खटकाच बघितलास. तो तू ठेवला होतास तिथंच होता. "मंग माझीच गुंडाळणी कच्ची ऱ्हायली," तू म्हणालास. बाबा साऱ्या गावापुढं म्हणाले की पोराच्या हातात कसब नाही. मी मूग गिळून उभी राहिले. दोन महिन्यांनी तू चाकणला गेलास, आणि तेव्हापासून तू तारेला हात लावलेला मी पाहिला नाही. आधी भीती होती, मग लाज, मग आता बोलून काय उपयोग असं झालं. एकोणीस वर्षं अशीच गेली.

गावचं घर आवरताना तो ट्रान्सफॉर्मर सापडला. मी तो सोडवला. तार जळून तुटत होती, तरी जोंधळ्याचे दाणे ठेवून एकेक वेढा मोजला. त्याच्याबरोबर सापडलेल्या तुझ्या वहीत आहे तसंच निघालं. एकशे सत्तरपर्यंत सहाशे ऐंशी, एकूण नऊशे वीस. प्रत्येक थराखाली कागद. एक वेढा कमी नाही, एक तार दुसरीवर चढलेली नाही. तुझ्या हातात काही कच्चं नव्हतं, दादा. कच्ची मी होते.

बाबांना परवा सांगितलं. गुडघा चोळता चोळता म्हणाले, "म्या चारचौघात त्याच्या हाताला नाव ठिवलं. आता चारचौघातच वापस घ्यावं लागंल. येतो का इचार त्याला."

म्हणून विचारतेय. जयंतीच्या चार दिवस आधी येशील का? ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या लोखंडी पट्ट्या घासून साफ केल्यात, नवी तार आणलीय, डब्यात ट्रान्सफॉर्मरपुरती जागा ठेवलीय. तू आला नाहीस तर अण्णांकडचा एसएमपीएस लावीन. कार्यक्रम चांगला होईल, फरक कुणाला कळणार नाही. मला कळेल.

रागावून आलास तरी ये. काय बोलायचं ते हँडल फिरवता फिरवता बोल, मी ऐकून घेईन आणि मोजणं चुकू देणार नाही. या वेळी खटक्यापाशी तू बस.

वहिनींना जयभीम, पोरांना गोड पापा.

तुझ्याच ओसरीवर मोजायला शिकलेली,
सुकेशनी